मॅचआधी घोटा बर्फाच्या बादलीत घालू का?

प्रश्न : वय २४, मंगळवार पेठ, कोल्हापूर. तालमीच्या संघातून राइट विंगला खेळतो. तीन वर्षांपूर्वी शाहू स्टेडियमवर हेडर मारून खाली येताना उजवा पाय आत वळला, घोटा सुजून काळानिळा पडला. दोन आठवडे पट्टी बांधली आणि परत खेळायला लागलो. त्यानंतर चार वेळा मुरगळला, शेवटचा तर जोतिबाच्या पायऱ्या उतरताना. आता फारसा दुखत नाही, पण भरवसा वाटत नाही. मॅचआधी पंधरा मिनिटं बर्फाच्या बादलीत पाय बुडवतो, हाफटाइमला परत बर्फ नाहीतर स्प्रे. थोरले खेळाडू म्हणतात, बर्फानं घोटा आवळतो. पण मैदानात उतरल्यावर पहिली दहा मिनिटं पाय कुठं पडतोय तेच कळत नाही. बर्फ चालू ठेवू की बंद करू? तोल सुधारायला काय करू? आई म्हणते, गरम शेक घे. ते बरोबर आहे का?

उत्तर : मॅचआधीची बादली आजपासून बंद करा. हाफटाइमला बर्फ लावून परत मैदानात जाणंही बंद. मॅच संपल्यावर घोटा ठणकत असेल, सूज चढल्यासारखी वाटत असेल तर बर्फ जरूर लावा. तिथं त्याचा उपयोग आहे. ‘पाय कुठं पडतोय ते कळत नाही’ हा तुमच्या मनाचा खेळ नाही. गार पडलेला पाय थेट बुटात घातला की असं होतं, आणि ज्याचा घोटा आधीच सैल आहे त्याला ते जास्त महागात पडतं.

बर्फानं घोटा आवळतो, ही समजूत तालमी-तालमींत आहे आणि तिला थोडा आधारही आहे. गारठ्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू आणि कंडरा जरा ताठर होतात, दुखणं बधिर होतं. तिन्ही मिळून घोटा घट्ट बसल्यासारखा वाटतो. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, मात्र बर्फानं आखूड होत नाही. एकदा लांबलं ते लांबलेलंच राहतं.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अशी तीन लिगामेंटं असतात. त्यातलं पुढचं, बाहेरच्या घोटाहाडाच्या पुढच्या कडेपासून टेलस या घोट्याच्या सांध्यातल्या खालच्या हाडाकडं जाणारं, सगळ्यांत कच्चं. पाऊल खाली झुकलेलं असताना आत वळलं की आधी तेच फाटतं, आणि हेडर मारून खाली येताना पाऊल नेमकं तसंच असतं. फाटलेलं भरून येतं, पण बऱ्याचदा सैल भरतं. शिवाय घोटा कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी संवेदनेची टोकं त्या लिगामेंटात आणि सांध्याच्या आवरणात असतात, तीही दुखावतात. तिसरी गोष्ट खेळाडूंच्या लक्षातच येत नाही. पोटरीच्या बाहेरच्या कडेनं उतरून घोटाहाडामागून तळव्याकडं जाणारे पेरोनियल स्नायू पाऊल आत वळू देत नाहीत. दुखापतीनंतर मज्जासंस्था या स्नायूंवर एक प्रकारचा लगाम घालते. दुखणं जातं, लगाम तसाच राहतो. दोन आठवडे पट्टी बांधून तुम्ही सूज उतरवलीत. या लगामाचं काहीच केलं नाही.

पहिल्या मोठ्या मुरगळीला वर्ष उलटून गेलं, तरी पाय अधूनमधून दगा देतो, परत मुरगळतो, भरवसा वाटत नाही, अशा स्थितीला घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतात. तुमचं वर्णन त्यात चपखल बसतं. किती अस्थिर, हे आकड्यात हवं असेल तर फिजिओथेरपिस्टकडं ‘कंबरलँड’ नावाची प्रश्नावली मागा. ९ प्रश्न, ३० गुण, पाच मिनिटांचं काम. २४ किंवा त्याहून कमी गुण आले तर घोटा अस्थिर धरतात. आज एकदा भरून ठेवा, पुढं सांगितलेले व्यायाम झाले की परत भरा.

आता बर्फ नेमकं काय बिघडवतो ते. पाऊल वाकडं टेकल्यापासून घोटा पार वळायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो, कधी त्याहूनही कमी. पेरोनियल स्नायूंना धोका कळून ते जागे व्हायलाच ६० ते ८० मिलिसेकंद लागतात आणि पुरती ताकद लागायला आणखी वेळ जातो. म्हणजे पाय वळल्यावर स्नायूंनी धावून येणं बहुतेक वेळा उशिराचंच ठरतं. तुम्हाला वाचवतं ते पाय टेकायच्या आधीचं काम : पाय हवेत असतानाच पेरोनियल थोडे आवळतात आणि पाऊल सपाट उतरतं. हा अंदाज मेंदू मागच्या पावलांवरून बांधत असतो. तळव्याची कातडी, घोट्याचा सांधा, पोटरीचे स्नायू यांच्याकडून येणाऱ्या माहितीवर.

गारठ्यानं मज्जातंतूंचा वेग कमी होतो, हे खरं. पायातल्या मोठ्या मज्जातंतूंत संदेश सेकंदाला साधारण ४० ते ५० मीटर वेगानं जातात आणि दर १ अंश सेल्सियसला हा वेग दीड ते दोन मीटरनं उतरतो. पण नुसतं यावर बोट ठेवणाऱ्यांना हिशेब करायला सांगावा. गार झालेला तुकडा १० सेंटिमीटरचा धरा. ४५ मीटरच्या वेगानं तो पार करायला २.२ मिलिसेकंद लागतात, वेग ३० वर आला तरी ३.३. फरक पडला एका मिलिसेकंदाचा. तेवढ्यानं कुणाचा पाय मुरगळत नाही. खरं नुकसान दुसरीकडं होतं. तळव्याची कातडी बधिर झाली की पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार चाललाय हे कळत नाही. बादलीत पोटरीपर्यंत पाय असेल तर पेरोनियल स्नायूही गारठतात, आणि गारठलेला स्नायू ताकद हळू लावतो. आणि दुखणं झाकलं जातं. घोट्यातली कळ तुम्हाला कट मारताना जरा आवरतं घ्यायला लावते. ती नसली की जो कट तुमच्या घोट्याला झेपत नाही तोही तुम्ही बिनधास्त मारता.

म्हणून बर्फाच्या पिशवीपेक्षा बादली वाईट. पिशवी बाहेरच्या घोट्यावर बसते, तळवा मोकळा राहतो. बादलीत तळवा, बोटं, घोटा, पोटरीचा खालचा भाग, सगळंच जातं.

यावर झालेल्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एका पायावर नुसतं स्थिर उभं राहायचं असेल तर बर्फानंतर कित्येकांच्या तोलात फारसा फरक दिसत नाही. एका पायावर उभं राहून दुसरा पाय लांबवर पोहोचवायचा असेल तर पल्ला कमी भरल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही. बर्फ कशानं लावला, किती वेळ, कुठं, आणि नंतर किती मिनिटांनी मोजलं, यावर सगळं अवलंबून. विंगला खेळणारा माणूस काही नुसता उभा राहत नाही. धावता धावता थांबतो, दिशा बदलतो, अंगावर डिफेंडर घेऊन उतरतो. अशा कामाला बर्फानंतर लगेच जाऊ नये, हाच सावध आणि शहाणपणाचा मार्ग.

‘मग किती वेळ थांबू?’ असं विचाराल. कातडी लवकर ऊब धरते, पण आतलं मांस बर्फ काढल्यावरही काही मिनिटं गारच होत जातं आणि सावकाश पूर्ववत होतं. हाफटाइम १५ मिनिटांचा. त्यात १० मिनिटं बर्फ लावला तर उतरताना तुमचा घोटा जवळपास सर्वांत गार अवस्थेत असतो. काही कारणानं बर्फ लागलाच, तर किमान अर्धा तास आणि त्यात पुरता वॉर्मअप, एवढं झाल्याशिवाय पळू नका. हाफटाइमला लंगडत बाहेर आलात, तर बदली खेळाडू द्यायला सांगा. पेठेतली मॅच, समोर खच्चून भरलेली गॅलरी आणि मागं मंडळाचं नाव असताना हे सांगणं सोपं नसतं, याची कल्पना आहे. तरीही उत्तर तेच.

स्प्रेची गोष्ट थोडी वेगळी. मेडिकलमध्ये मिळणारे बहुतेक ‘पेन स्प्रे’ मेंथॉल आणि तत्सम द्रव्यांचे असतात. ते गार वाटतात, पण आतला घोटा गार होत नाही. मैदानावरच्या डॉक्टरांच्या पेटीतला एथिल क्लोराइडचा स्प्रे कातडी खरोखर गोठवतो, तोही वरवर आणि मिनिटभरच. गुडघ्याला-नडगीला लाथ बसली तर तेवढ्यापुरता चालतो. मुरगळलेल्या घोट्यावर मारून परत आत पाठवणं चुकीचं. आणि एकाच जागी धरून ठेवला तर कातडी भाजते.

बर्फ कधी आणि कसा लावायचा, हे एकदा नीट लिहून ठेवा. नवीन मुरगळ असेल तर पहिले दोन-तीन दिवस. जुन्या घोट्याला खेळानंतर ठणका असेल तर त्या संध्याकाळी. फोडलेला बर्फ घ्या, मोठे खडे घोट्याच्या गोलाईवर बसत नाहीत. रसवंतीतून लादीचा तुकडा आणला असेल तर वरचा भुसा धुऊन टाका, गोणपाटात घालून बत्त्यानं फोडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून थोडं पाणी घाला, हवा काढून गाठ मारा. कातडीवर ओला करून पिळलेला पातळ पंचा, त्यावर पिशवी. ओला यासाठी, की कोरड्या जाड टॉवेलातून गारवा पोहोचतच नाही. १० मिनिटं लावा, १० मिनिटं काढा, परत १० मिनिटं. पाय उशीवर, हृदयापेक्षा वर. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी असा एक फेरा पुरे.

आधी गार लागेल, मग चुरचुरेल, मग ठणकेल, मग बधिर होईल. बधिर झालं की काढायचं. कातडी पांढरी, कडक किंवा मेणचट दिसली तर ताबडतोब काढा. फ्रीझरमधली जेलची पिशवी उणे १८ अंशांपर्यंत गेलेली असते, वितळता बर्फ शून्यावर असतो. त्यामुळे जेल थेट कातडीवर कधीही नको. बर्फात मीठ तर अजिबात घालू नका. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये ते ठीक आहे. मीठ घातलं की तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि कातडी गोठून भाजल्यासारखी होते. पिशवी क्रेपनं करकचून बांधून झोपू नका. घोट्याभोवतीचे मज्जातंतू कातडीच्या अगदी लगत असतात, गारठा आणि दाब एकत्र आला की ते दुखावतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली जे टणक हाड हाताला लागतं त्यावरही बर्फ नको. तिथला मज्जातंतू बिघडला तर पाऊल वर उचलता येत नाही. मधुमेहानं पाय बधिर असलेल्यांनी, पायात रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी, गारठ्यानं बोटं पांढरी पडणाऱ्यांनी किंवा अंगावर गांधी उठणाऱ्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊच नये.

आईंचा शेक. जुन्या, न सुजलेल्या घोट्याला व्यायामाआधी १० मिनिटं शेक घेतला तर पोटरी मोकळी होते, घ्या खुशाल. ताज्या मुरगळीवर पहिले दोन-तीन दिवस शेक नको आणि चोळणं तर मुळीच नको. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात. शेकलं, रगडलं की रक्तस्राव आणि सूज वाढते. हाडवैद्याकडं ओढून-पिरगाळून घेतलेला घोटा ढळढळीत सुजलेला दिसतो तो यामुळंच. आंबेहळदीचा लेप गार लावला तर बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर एक्स-रे टाळू नका.

आता मूळ दुखण्याकडं. तोल मोजल्याशिवाय सुधारला की नाही ते कळत नाही, म्हणून आधी मोजमाप. घरातल्या सपाट फरशीवर चिकटपट्टीच्या तीन रेषा एका बिंदूतून काढा : एक सरळ पुढं, दोन तिरक्या मागं, मागच्या दोघींत काटकोन. अनवाणी, मध्यबिंदूवर एक पाय, हात कमरेवर. दुसऱ्या पायाचं बोट रेषेवरून जमेल तितकं लांब न्या, फरशीला हलकेच टेकवा आणि परत या. टाच उचलली, हात सुटला, टेकवलेल्या पायावर भार दिला, तर तो प्रयत्न बाद. प्रत्येक दिशेला चार वेळा नुसता सराव, मग तीन वेळा शिंप्याच्या टेपनं मोजा, सर्वांत जास्त आकडा लिहा. दोन्ही पायांवर. पुढच्या रेषेत उजव्या-डाव्यात ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सावध व्हा. शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवरच्या २००६ मधल्या एका अभ्यासात एवढा फरक असलेल्यांना पायाच्या दुखापती अडीच पट झाल्या होत्या. फुटबॉलला तोच आकडा जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण स्वतःचा आलेख ठेवायला ही चाचणी उत्तम.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी बादलीनंतर लगेच हीच चाचणी घेऊन बघा, शेजारी भिंत किंवा खुर्ची ठेवून. मागच्या दोन रेषांकडं लक्ष द्या. थोरल्या खेळाडूंशी वाद घालण्यापेक्षा तो कागद त्यांना दाखवा.

पुढचीच रेष कमी भरत असेल, तर कारण तोल नसून अडकलेला घोटाही असू शकतो. भिंतीकडं तोंड करून उभे राहा, अंगठा भिंतीपासून थोडा मागं, टाच टेकलेली, गुडघा पुढं नेऊन भिंतीला लावा. टाच न उचलता अंगठा जास्तीत जास्त किती लांब जातो ते मोजा. १० सेंटिमीटरच्या आसपास बहुतेकांचं येतं. दोन पायांत २ सेंटिमीटरहून जास्त फरक म्हणजे घोटा पुढं झुकायला अडतोय. मग हीच हालचाल रोज १५-१५ च्या तीन फेऱ्यांत करा, टाच घट्ट टेकवून. हे मोकळं झाल्याशिवाय तोलाचे व्यायाम अर्धेच लागू पडतात.

तोलाचे व्यायाम आठवड्यातून चार दिवस, दिवसाला २० ते २५ मिनिटं, किमान सहा आठवडे. अनवाणी. पहिले दोन आठवडे साध्या फरशीवर : एका पायावर ३० सेकंद, चार वेळा, गुडघा किंचित वाकलेला. हे न डगमगता जमलं की डोळे मिटून. त्याच दिवसांत पेरोनियलची ताकद : सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा, एक टोक पलंगाच्या पायाला, दुसरं पावलाच्या पुढच्या भागाभोवती, गुडघा न हलवता पाऊल बाहेर न्या आणि तीन मोजत सावकाश परत आणा. १५ च्या तीन फेऱ्या. परत येतानाचा संथपणा महत्त्वाचा, कारण मुरगळताना पेरोनियलला तेच करावं लागतं : ताणलं जात असताना धरून ठेवणं. टाचा उचलण्याच्या १५ च्या तीन फेऱ्या, आधी दोन्ही पायांवर, मग एका. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, तेवढ्याच फेऱ्या. कमरेचा बाहेरचा स्नायू ढिला असेल तर अख्खं अंग बाहेर झुकतं आणि घोट्यावर ओझं येतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गोधडीची चौपदरी घडी करून तिच्यावर उभे राहा आणि भिंतीवर चेंडू मारून झेला. दोन्ही हातांनी, मग एका. नजर चेंडूवर जाते, मन तिकडं गुंततं, आणि घोट्याला आपलं काम आपण करावं लागतं. मैदानात हेच हवं असतं. पाचव्या आठवड्यापासून उड्या : अर्धा मीटर पुढं उडी, एका पायावर उतरून पाच सेकंद पुतळा. मग बाजूला, मग तिरकी. गुडघा आत कोसळला, टाच सरकली, दुसरा पाय टेकला, तर ती उडी मोजायची नाही. चांगल्या १० झाल्या की थांबा. वस्ताद परवानगी देत असतील तर शेवटच्या टप्प्यात आखाड्यातल्या मातीत या उड्या मारा. दर पावलाला जमीन वेगळी लागते. त्यासाठी महागडा तोलफळा घ्यायची गरज नाही.

चुका ठरलेल्या. बोटांनी फरशी पकडून उभं राहणं. त्यानं तळव्याच्या कमानीचे स्नायू थकतात आणि घोटा शिकत नाही. पहिल्याच दिवशी गोधडीवर चढणं. भिंतीला बोट टेकवून वेळ मोजणं. एका बोटाच्या स्पर्शानंही तोल कमालीचा सोपा होतो. आणि सर्वांत मोठी, तीन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून सोडून देणं. हंगाम चालू असतानाही आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवा, गांधी मैदानावर सरावाआधी १० मिनिटं काढलीत तरी होईल.

इथं बर्फाचा एक चांगला उपयोग आहे. सांधा गार केला की स्नायूंवरचा तो लगाम काही काळ ढिला होतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. त्यामुळं घोटा दुखतो म्हणून व्यायामच टळत असेल तर आधी १० मिनिटं पिशवी लावून ट्यूबचे आणि टाचा उचलण्याचे संथ व्यायाम करता येतात. उड्या त्या दिवशी नाहीत, आणि हा प्रयोग फिजिओच्या नजरेखाली सुरू केलेला बरा.

मॅचच्या दिवशी बादलीच्या जागी वॉर्मअप. ‘फिफा ११ प्लस’ २० मिनिटांत होतो, त्यात धावणं, ताकद, तोल, कट मारणं असं सगळं येतं आणि सामान लागत नाही. घोट्याला लेसवाला ब्रेस घाला. आधी मुरगळलेल्या घोट्यांत ब्रेस किंवा टेपिंगनं परत मुरगळणं कमी होतं, हे पुष्कळ अभ्यासांतून पक्कं झालंय. टेपिंग हाताला सवय असलेल्यानंच करावं, आणि खेळ सुरू झाल्यावर १०-२० मिनिटांत ते सैल पडायला लागतं. ब्रेस हाफटाइमला परत आवळता येतो. क्रेप बँडेजनं सूज दबते, घोटा अडत नाही. ब्रेस घातल्यानं घोटा कमजोर होतो या भीतीनं तो टाळू नका, व्यायाम चालू असतील तर तसं होत नाही. निदान हा हंगाम तरी सराव आणि मॅच, दोन्हीला घाला. एरवी चालताना कोल्हापुरी चपलेला काही महिने सुट्टी द्या. टाच मोकळी, तळ कडक, आणि पायऱ्या उतरताना पाऊल चपलेवरून कडेला सरकतं. जोतिबाला बूट घालून जा. पायऱ्यांखाली काढून ठेवण्यापेक्षा देवळाच्या दारापर्यंत पायात राहू द्या.

डॉक्टरांकडं कधी जायचं? नवी मुरगळ झाल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा आतल्या-बाहेरच्या घोटाहाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये, हाड दाबून दुखत असेल, तर एक्स-रे हवाच. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध जे उंचवट्याचं हाड लागतं ते, किंवा आतल्या कडेचं कमानीवरचं हाड दुखत असेल तरीही. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात हे होतं. घोटा मध्येच अडकत असेल, आत खोलवर कळ येत असेल, सूज सहा आठवड्यांनीही उतरत नसेल, तर टेलसच्या कूर्चेला इजा झालेली असू शकते. तिथं एमआरआय लागतो आणि व्यायामानं ती भरत नाही. घोटाहाडामागं कंडरा ‘टक’ करून सरकत असेल तर तेही दाखवा. व्यायाम तीन ते सहा महिने मन लावून केले, ब्रेस वापरला, तरी पाय दगा देतच राहिला, तर सैल लिगामेंट शिवून घट्ट करण्याची शस्त्रक्रिया आहे. ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये मांडलेली ही पद्धत थोड्याफार बदलांनी आजही चालते. त्यानंतरही हेच तोलाचे व्यायाम पहिल्यापासून करावे लागतात आणि खेळायला उतरेपर्यंत बहुतेकांचे काही महिने जातात, तेव्हा तारीख ठरवताना पुढच्या हंगामाचं वेळापत्रक समोर ठेवा.